मनोरा म्हणजे दिवा

लग्न होऊन मी ठाण्याला आले ती शहाऐंशी साली. माहेर कल्याणचं, बाजारपेठेला लागून, तिथे माणसं भावावरून भांडत. सासरी येऊन पाहिलं तर इथे दोन म्हातारी माणसं रोज संध्याकाळी शब्दांवरून भांडत होती.

घर जुनं, दुमजली. खाली दोन दुकानं, एक किराण्याचं आणि एक शिंप्याचं. वर दोन बिऱ्हाडं, आमचं आणि शेजारचं, आणि दोन्ही दारांपुढून जाणारी एकच लाकडी गॅलरी. त्या गॅलरीत खुर्च्या टाकून माझे सासरे आणि शेजारचे काका बसायचे. सासरे मूळचे रत्नागिरीकडचे, शाळेत मराठीचे मास्तर होते, निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा कारखान्यात पाळ्यांवर, मी डोंबिवलीच्या एका शाळेत लहान वर्गांना शिकवायची. त्यामुळे सासऱ्यांचा खरा सहवास होता तो काकांचाच.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. नोकरीची सगळी वर्षं कल्याणच्या यार्डातून गाड्या काढण्यात गेली. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. गाव अलिबागजवळ. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवार त्यांचा कामं बंद ठेवायचा वार, त्या दिवशी घाणाही बंद असायचा, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी त्यांची आमच्यापेक्षा रसाळ. शनिवारी सकाळी ते टोपी घालून प्रार्थनेला निघायचे आणि जाताना काकूंना सांगायचे, "मशिदीत जाऊन येतो गं." मी नवी असताना एकदा दचकून त्यांच्याकडे पाहिलं होतं. तेव्हा काकू हसल्या आणि म्हणाल्या, "सिनेगॉग म्हणतात ते आता, शिकलेले लोक. आमचे जुने लोक मशीदच म्हणायचे. देवाची जागा ती देवाची जागा."

सासरे काकांना गार्डसाहेब म्हणत, काका त्यांना मास्तर. सासऱ्यांना परक्या भाषेतल्या शब्दांची चीड होती. टेबलाला ते मेज म्हणत. काकांनी एकदा शांतपणे सांगितलं, "मास्तर, मेज फारसी आहे." त्यानंतर आठवडाभर त्या टेबलाला आमच्या घरात काहीच नाव नव्हतं. "ते तिथे ठेव," असं म्हणून बोट दाखवायचे.

नव्वद साली, की एक्क्याण्णव, काकांच्या मुलीने इस्रायलहून कुणाबरोबर तरी एक दिवा पाठवला. मुलगी लग्न होऊन तिकडे गेली होती, अश्दोदला. दिवा पितळेचा. मधे एक खांब आणि दोन्ही अंगांना वर वळलेल्या फांद्या, त्यांच्या टोकांना मेणबत्त्या खोचायच्या वाट्या. मोजल्या तर मधली धरून नऊ भरल्या. काकूंनी तो ओट्यावर ठेवून चिंच लावून घासला आणि मला हाक मारली.

"बघ गं, लेकीने मनोरा पाठवलाय."

सासरे गॅलरीत होते. तिथूनच म्हणाले, "वहिनी, मनोरा म्हणजे उंच बांधकाम. बुरूज. हे दिव्याचं झाड आहे."

"लेक फोनवर हेच म्हणाली."

"मेनोरा म्हणाली असेल," काका म्हणाले. "मे. मेनोरा."

"मग मी काय म्हटलं?"

त्या दिवशी वादाला कारण मिळालं आणि दोघेही खूष झाले. काकांनी समजावून सांगितलं की मेनोरा हा हिब्रू शब्द. त्या भाषेत नेर म्हणजे दिवा, आणि मेनोरा म्हणजे दिवा जिथे राहतो ती वस्तू. खरा मेनोरा सात फांद्यांचा, जुन्या काळी यरुशलेमच्या मंदिरात होता तो. हा नऊ फांद्यांचा हनुक्काच्या सणाचा, आठ दिवस रोज एक मेणबत्ती वाढवत जायची आणि मधल्या उंच मेणबत्तीने बाकीच्या पेटवायच्या. त्यालाही लोक मेनोराच म्हणतात. काकू म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या घरी हा सणच नव्हता. त्यांची माणसं तिकडून निघाली तेव्हा तो सुरूसुद्धा झाला नव्हता म्हणे. आजीकडे दिवा म्हणजे छताला साखळीने टांगलेला काचेचा पेला, खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. शुक्रवारी संध्याकाळी काकू अजून तोच लावायच्या.

सासरे तोवर उठून आत गेले होते. त्यांच्याकडे जुना शब्दकोश होता, खाकी कागदाचं कव्हर घातलेला, इतका जाड की मांडीवर घेतला की पाय अवघडायचा. तो घेऊन आले, आणि चष्म्यातून बारीक अक्षर लागेना म्हणून मला वाचायला सांगितलं. मी मनोरा शोधला. अरबीवरून आलेला, असं दिलं होतं. मूळ शब्द मनारा. नूर म्हणजे उजेड, मनारा म्हणजे उजेडाची जागा. पूर्वी उंच बुरुजावर जाळ करून जहाजांना वाट दाखवत, म्हणून पुढे त्या बुरुजालाच ते नाव पडलं.

"म्हणजे मनोऱ्याचा पहिला अर्थ दिवाच," काका म्हणाले. "अरबी आणि हिब्रू सख्ख्या बहिणी. ही चुकली नाही, मास्तर. तुम्ही आणि मी चुकलो."

काकूंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मी तेच म्हणत होते."

सासरे त्या दिवशी खरोखर आनंदले होते. गॅलरीत येरझाऱ्या घालत म्हणाले, "गार्डसाहेब, आमच्या गावच्या देवळापुढे दीपमाळ आहे. दगडी. पुरुषभर उंचीच्या वर चारी बाजूंनी हात काढलेत दगडाचे, त्रिपुरीला त्यांच्यावर पणत्या ठेवतात. बुरूजच तो, आणि झाड पण तेच, आणि दिवा पण तोच! म्हणजे दोन्ही अर्थ लहानपणापासून डोळ्यांसमोर उभे होते माझ्या." मग हौसेने त्यांनी मला आणखी दिव्यांचे शब्द काढायला लावले. कंदील निघाला तो अरबीमार्गे पार लॅटिनपर्यंत गेला. शमादान फारसी, ते त्यांना ठाऊक होतं. मग म्हणाले, "आता समई काढ. ती तरी आपली."

मी समई काढली. पुढे फारसीची खूण होती. शमा म्हणजे मेणबत्ती, त्यावरून.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कोश माझ्या हातून घेतला, मिटला, मांडीवर ठेवून बसून राहिले. आमच्या देवघरात त्यांच्या आईची समई होती, गावाहून येताना धडप्यात गुंडाळून आणलेली. रोज तिन्हीसांजेला ती मी लावत असे.

"माझ्या आईला फारसीचं अक्षर येत नव्हतं," ते म्हणाले.

"मग काय बिघडलं?" काका म्हणाले. "तिला समई लावता येत होती ना?"

सासरे हसले नाहीत. पुढे महिनाभर ते समईला दीपिका म्हणत होते. "सूनबाई, दीपिका लावली का?" मी हो म्हणायची. नवरा घरी असला की तोंड फिरवून हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण मी त्यांना रोज पाहत होते. ते सकाळी मैदानात निवृत्त माणसांच्या एका बैठकीला जायचे. पूर्वी तिथून येऊन संधिवातावर, पेन्शनवर बोलायचे. आता तिथे आपलं काय आणि त्यांचं काय, कुणी काय पाडलं आणि काय परत घ्यायला हवं, हेच चाललेलं असे. ते ऐकून आले की त्यांचा आवाज चढलेला असायचा, काकांशीही. एकदा म्हणाले, "आपल्याच घरात आपलं म्हणून काही राहिलंय का?" काकांनी विचारलं, "घर म्हणजे कुठलं, मास्तर? हे? ह्याचं भाडं तर तुम्ही आणि मी दोघंही भरतो." त्यावर वाद झाला नाही. दोघे नुसते बसून राहिले, आणि मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

खालच्या शिंप्याबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे टेलरचाचा म्हणत. कोकणी मुसलमान, श्रीवर्धनकडचे. सासऱ्यांचे पांढरे सदरे, काकांचे कोट, माझे ब्लाउज, सगळं तेच शिवत. काका आणि ते बोलायला लागले की दोघांच्या बोलण्यात तो किनाऱ्यावरचा हेल यायचा, आणि मासळीच्या नावांपासून सुरुवात व्हायची. काका त्यांच्या दुकानात बसून चहा घ्यायचे. सासरे दुकानाच्या पायरीशी उभे राहून माप द्यायचे, आत बसायचे नाहीत. त्यात वाकडं असं काही नव्हतं. फक्त बसायचे नाहीत.

ब्याण्णवच्या डिसेंबरात अयोध्येतली मशीद पडल्याची बातमी आली. मुंबई पेटली. ठाण्यात आमच्या भागात काही झालं नाही, पण दुकानं लवकर बंद होऊ लागली आणि माणसं जिन्यात उभी राहून हळू आवाजात बोलू लागली. सासऱ्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "गार्डसाहेब, थोडे दिवस तो शब्द वापरू नका."

"कुठला?"

"मशीद. सिनेगॉग म्हणा."

"माझा बाप मशीद म्हणायचा."

"तुमच्या वडिलांच्या वेळी असं वातावरण नव्हतं."

त्या शनिवारी निघताना काका काकूंना काही न सांगताच निघाले. काकूंनी आतून विचारलं, "कुठे चाललात?" ते जिन्यात थांबले. त्यांना दोन्ही शब्द वापरायचे नव्हते. शेवटी म्हणाले, "येतो जरा."

त्याच डिसेंबरात हनुक्का आला. काकूंचं म्हणणं होतं की यंदा दिवा आतल्या खोलीत लावू. काका ऐकेनात. तो दिवा खिडकीत ठेवायचा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणूनच तो सण. वाण्याकडच्या मेणबत्त्या वाट्यांत बसत नसत, जाड पडत. दर वर्षी सासरे त्या चाकूने तासून द्यायचे. त्या वर्षीही त्यांनी दिल्या, कागदावर मेणाचे काप गोळा करत. रोज एक मेणबत्ती वाढत गेली. समोर नव्या पाच मजली इमारती झाल्या होत्या, तिथल्या गॅलऱ्यांतून माणसं पाहायची. आम्ही त्या माणसांना ओळखत नव्हतो, आणि ती आम्हाला.

जानेवारीत पुन्हा भडका उडाला. शाळा बंद झाल्या. टेलरचाचा एक दिवस दुकानाला कुलूप लावून मुंब्र्याला नातेवाइकांकडे गेले. जाताना त्यांनी मला गॅलरीत पाहिलं आणि खालून म्हणाले, "भाभी, ब्लाउज कापून ठेवलाय, येऊन शिवतो. संक्रांतीच्या आत देतो." काळ्या साडीवरचा ब्लाउज होता तो, हळदीकुंकवासाठी टाकलेला. मी म्हटलं, "सावकाश द्या चाचा."

त्यानंतरच्या शनिवारी, दुपारी, चार-पाच तरुण जिना चढून आले. नवरा कारखान्यातच अडकला होता. मी तांदूळ निवडत होते. सासऱ्यांनी दार उघडलं. त्यातल्या एकाला मी ओळखत होते, दर वर्षी गणपतीची वर्गणी मागायला तोच यायचा. त्याने चपला बाहेर काढल्या, नेहमीसारख्याच.

"काका, जरा विचारायचं होतं."

"विचार."

"हे बाजूवाले कोण आहेत?"

"शेजारी आहेत आमचे. मी इथे आलो त्याच्या आधीपासून राहतात."

"तसं नाय. कोण म्हणजे... कोण?"

दुसरा मागून म्हणाला, "मागच्या महिन्यात खिडकीत रोज मेणबत्त्या लावायचे. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. आमच्या बिल्डिंगमधून क्लिअर दिसायचं. लोक बोलतात सिग्नल देतात."

"आणि खाली दुकानात बोललेत ते, मशिदीत जातो म्हणून. टोपी घालून जातात. आपण ऐकलेलं आहे."

शेजारचं दार बंद होतं. शनिवार असल्यामुळे आत चूल पेटलेली नव्हती, रेडिओ नव्हता, आणि आमचं प्रत्येक वाक्य तिकडे ऐकू जात असणार हे मला कळत होतं. सासरे दाराची चौकट धरून उभे होते. शाळेत शिकवत असावेत तसं ते समजावून सांगू लागले. हे लोक ज्यू आहेत, बेने इस्रायल. कोकणात शेकडो वर्षं आहेत. मराठी बोलतात. मशीद हा त्यांच्यात नुसता जुना शब्द आहे, त्यांचं प्रार्थनास्थळ वेगळं. आणि ते दिवे सणाचे. "समई असते ना आपल्याकडे? तशी त्यांची समई आहे ती," ते म्हणाले.

"पण सुंता करतात ना?" एकाने विचारलं.

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. "सून उभी आहे माझी," ते म्हणाले.

वर्गणीवाला ओशाळला. "सॉरी काका. म्हणजे ते लोक नाहीत, एवढंच ना?"

"नाहीत."

"नक्की?"

"मी आयुष्यभर शब्द शिकवलेत. नाहीत म्हणजे नाहीत."

"मग बस ना. टेन्शन नका घेऊ काका. मग आपलेच आहेत ते."

त्यांनी चपला घातल्या आणि उतरायला लागले. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. जिन्याच्या वळणावरून एकजण म्हणाला, "आणि खालचा टेलर?" तो आम्हाला विचारत नव्हता, आपसात बोलत होता. पण सासऱ्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि माझ्याही.

मग खालून शटरवर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

शेजारचं दार उघडलं. काका बाहेर आले, डोक्यावर टोपी तशीच. ते गॅलरीच्या कठड्यावरून वाकून ओरडले, "ए! काय करताय रे?" आणि जिन्याकडे वळले. सासऱ्यांनी त्यांचा दंड पकडला.

"सोडा मास्तर."

"गार्डसाहेब, आत चला."

"तो गरीब माणूस आहे. सोडा."

सासऱ्यांनी सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दोघेही सत्तरीच्या आसपासचे, त्या अरुंद गॅलरीत एकमेकांना ओढत होते, काकांची टोपी खाली पडली, आणि काकू दारात उभ्या राहून "अहो, अहो" एवढंच म्हणत होत्या. खाली शिलाईचं यंत्र रस्त्यावर ओढून आणलं गेलं. मग कपडे. कापलेले, अर्धे शिवलेले, हँगरवरचे. त्यांचा ढीग करून पेटवला. मला त्यात काळं काही दिसलं नाही, पण मी शोधत होते हे आठवतं. जवळपासच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती आणि कुणीच काही बोलत नव्हतं. थोड्या वेळाने ते तरुण निघून गेले. किराणावाल्याने बादलीभर पाणी आणून ढिगावर ओतलं.

सासऱ्यांनी तेव्हा कुठे काकांचा दंड सोडला. काकांनी टोपी उचलली, झटकली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे कितीतरी दिवस गॅलरीत खुर्च्या निघाल्या नाहीत. मी काकूंकडे जात-येत होते. त्या नारळ खवत बसलेल्या असायच्या आणि काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. सासरे सकाळी मैदानात जायचे बंद झाले. त्यांच्या बैठकीतले एक गृहस्थ चौकशीला आले, तर मला म्हणाले, "सांग, झोपलेत." ते पाटावर जागे बसले होते.

शेवटी एका संध्याकाळी काकांनीच आपली खुर्ची बाहेर आणली. थोड्या वेळाने सासऱ्यांनी त्यांची आणली. मी भाजी चिरत दाराशी बसले होते.

"मास्तर," काका म्हणाले, "तुम्ही त्या पोरांना सांगितलंत ते सगळं खरं होतं."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही त्यांना माझा अर्थ समजावून सांगितलात. दिव्याचा सांगितलात. म्हणून मी वाचलो. तुमचे उपकार आहेत."

"असं बोलू नका."

"पण खालच्या टेलरचा कुणी सांगितला नाही. तो श्रीवर्धनचा. त्याच्या चुलत्याचं गलबत आमच्या बंदराला लागायचं, माझा आजा त्यात तेलाचे डबे चढवायचा. हे मला सांगता आलं असतं. मी दाराआड उभा होतो."

सासरे म्हणाले, "सांगून ऐकलं असतं का त्यांनी?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग काय मास्तर? नसतंच ऐकलं." काकांनी कठड्याकडे पाहिलं. "तुम्ही मला धरून ठेवलंत. अजून हाताला जाणवतं मला ते. राग नाही. पण जाणवतं."

टेलरचाचा परत दुकान थाटायला आले नाहीत. एकदा भल्या सकाळी येऊन यंत्राचा लोखंडी भाग टेम्पोत घालून घेऊन गेले, असं किराणावाल्याने सांगितलं. मुंब्र्याचा पत्ताही त्याच्याकडेच होता. उन्हाळा लागला तेव्हा काकांनी एक दिवस विचारलं, "मास्तर, सदरे शिवायचेत. येता का मुंब्र्याला?"

सासरे आत गेले, कपाटातून पांढरं कापड काढून पिशवीत घातलं आणि मला म्हणाले, "तू पण चल." आम्ही तिघं बसने गेलो. मुंब्र्यात सगळीकडे अर्धवट उभ्या इमारती, वाळूचे ढीग, सिमेंटची धूळ. मुंबईहून, ठाण्याहून निघालेली माणसं तिथे येऊन राहत होती. टेलरचाचांचं दुकान अशाच एका इमारतीच्या तळाशी होतं, अजून दार बसवायचं होतं. यंत्र तेच होतं, त्याला नवा पाट लावलेला.

आम्हाला पाहून ते उभे राहिले. क्षणभर त्यांना काय करावं कळेना, मग त्यांनी स्टूल पुढे केलं, शेजारून आणखी एक मागवलं, चहा सांगितला. काका बसले. सासरेही आत जाऊन बसले. चाचांनी खबरबात विचारली, काकूंचे गुडघे कसे आहेत विचारलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, तुमचा ब्लाउज..."

"असू दे चाचा," मी म्हटलं.

मापं घ्यायला सासरे उभे राहिले. चाचा टेप त्यांच्या खांद्यावर धरत होते तेव्हा सासरे म्हणाले, "त्या दिवशी मी वर होतो. मला आवाज आला होता. मी..."

"मास्तरसाहेब," चाचा म्हणाले, "हात सरळ ठेवा."

सासऱ्यांनी हात सरळ ठेवला. चाचांनी बाहीचं माप घेतलं, कॉलरचं घेतलं, खडूने कापडावर खुणा केल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि मऊही नव्हता. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, इतकंच. दोन आठवड्यांनी सदरे घ्यायला सासरे एकटेच गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाकडे कपडे टाकले नाहीत. दम लागू लागल्यावरही बस बदलून मुंब्र्याला जायचे.

काका-काकू चौऱ्याण्णवच्या शेवटी इस्रायलला गेले. मुलगी कित्येक वर्षं बोलावत होती आणि काका दर वेळी म्हणायचे, मला तिकडची भाषा प्रार्थनेपुरती येते, तेवढ्यावर भाजी कशी आणू? आता ते हो म्हणाले. सासऱ्यांनी एकदाच विचारलं, "त्या शनिवारमुळे का?"

"नाही हो. हिच्या गुडघ्यांमुळे. तिकडे लिफ्ट आहे," काका म्हणाले, आणि खाली रस्त्याकडे बघू लागले.

निघायच्या दिवशी घरभर सुतळ्या आणि खोके. काकूंनी टांगायचा काचेचा पेला कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतला, सामानात टाकला नाही. माझ्या ओटीत नारळ घातला आणि आम्ही दोघीही रडलो. सासरे आणि काका एकमेकांसमोर नुसते उभे होते. गाडीवाल्याने हॉर्न दिला. काका म्हणाले, "चला मास्तर." सासरे म्हणाले, "सांभाळून." आयुष्यभर शब्दांवर भांडलेली ही माणसं.

आमच्या घरी आता टेलिफोन बसला होता. काका वर्षातून दोन-तीनदा करायचे. सासरे उभ्याने बोलायचे, मोठ्याने, जणू आवाज तिथपर्यंत पोचवायचा असावा. नातवंडं काकांच्या हिब्रूला हसतात, भाज्या महाग आहेत, समुद्र मात्र आपल्यासारखाच आहे, असं काहीबाही काका सांगायचे. सासरे मग मला सगळं पुन्हा सांगत, मी शेजारी उभी राहून ऐकलेलं असलं तरी.

शहाण्णव साली, सासरे जायच्या काही महिने आधी, काकांचा फोन आला. सासऱ्यांना खाटेवरून उठवत नव्हतं, म्हणून मी फोनची वायर ताणून रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. शेजारच्या खोल्यांत तोवर नवं बिऱ्हाड आलं होतं. नवरा-बायको, दोघंही नोकरीला जाणारी, भिंतीला निळा रंग दिला होता, आणि त्या वेळी त्यांचा टीव्ही मोठ्याने चालू होता. काकांनी पलीकडून काहीतरी विचारलं. सासरे ऐकत राहिले, मग म्हणाले, "तुमच्या खोल्या? नाही हो, कुणी आलं नाही. कुलूपच आहे अजून."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी उठून आमचं दार लोटून घेतलं, टीव्हीचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.